पेंटमध्ये ठिपक्यांची रांगोळी आणि पाठासाठी चित्रे: रंग सांडतो, कडांना डाग पडतात, दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत

प्रश्न: शाळेचा फळा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेतील संगणकांवर विंडोज ७ आहे, इंटरनेट कधी असते, कधी नसते, आणि चित्रे काढण्यासाठी संगणकाबरोबर आलेला पेंट हा एकच प्रोग्रॅम माझ्या हाताशी आहे. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी मी स्वतः काढलेल्या चित्रांच्या कृतिपत्रिका तयार करते. सध्या दोन गोष्टी हाती आहेत. जास्वंदीच्या फुलाचे भाग दाखवणारे एक चित्र आहे, आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी मुलांना द्यायच्या ठिपक्यांच्या रांगोळ्या आहेत. त्यांत काही सात ठिपके सात ओळींच्या आणि एक अकरा ते सहाची आहे.

अडचणी अशा आहेत. पाकळीत रंग भरला की तो कधी कधी साऱ्या पानभर पसरतो. जतन केलेले चित्र दुसऱ्या दिवशी उघडले की काळ्या रेषांभोवती फिकट राखाडी डाग दिसतात आणि मग रंग भरताना रेषेलगत पांढरे कण राहतात. रांगोळीची डावी बाजू मनासारखी जमते, परंतु उजवी तिच्याशी जुळत नाही. छापल्यावर तिरप्या रेषा पायऱ्यांसारख्या दिसतात.

मुलांना दिलेली रांगोळी वाकडी असेल तर ती वाकडीच गिरवली जाईल, याची मला खरोखर काळजी वाटते. या प्रोग्रॅममध्ये नेटके काम करण्याची काही पद्धत आहे का, की दुसरा प्रोग्रॅम शिकण्यावाचून पर्याय नाही, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: रेघोटी

ताई, आपण लिहिलेल्या अडचणींपैकी पहिल्या दोन एकाच गोष्टीतून येतात. पेंटमधील चित्र म्हणजे रंगीत चौकोनी कणांची, म्हणजे पिक्सेलची, एक जाळी असते आणि प्रोग्रॅमला त्यापलीकडे काहीही ठाऊक नसते. आपल्याला जी पाकळी दिसते, ती त्याच्या लेखी केवळ शेजारी शेजारी असलेले पांढरे कण असतात. रंग भरण्याचे साधन, म्हणजे ते बादलीचे चित्र, आपण टिचकी मारलेल्या कणाचा रंग पाहते आणि त्याला लागून अगदी त्याच रंगाचे जितके कण सापडतील तितके बदलत जाते. त्यामुळे रेषेत एका कणाची जरी फट असली तरी रंग तिच्यातून बाहेर पडतो. आणि एखादा कण पांढऱ्याऐवजी किंचित राखाडी असला तर बादली त्याला स्पर्शही करत नाही. आपल्याला दिसणारे पांढरे कण ते हेच.

हे राखाडी कण दोन वाटांनी येतात. पहिली वाट जतन करण्याची आहे. जेपेग हा प्रकार छायाचित्रांसाठी बनवलेला असून तो चित्राचे ८ × ८ कणांचे चौकोन पाडून त्यांतील बारीक तपशील अंदाजे साठवतो. आकाशाच्या किंवा चेहऱ्याच्या छायाचित्रात हे कळत नाही, मात्र पांढऱ्यावर काळी रेषा असेल तर रेषेभोवती डाग उमटतात, आणि तेच चित्र पुन्हा पुन्हा बदलून जतन केले की ते वाढतात. पीएनजी प्रकारात एकही कण बदलत नाही. म्हणून चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पीएनजीतच ठेवावे. येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे: व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून पाठवले की ते आकुंचित होऊन समोरच्याला जेपेग स्वरूपात मिळते. सहकाऱ्यांना फाइल पाठवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

दुसरी वाट साधनांची आहे. विंडोज ७ पासून पेंटमधील ब्रश, सरळ रेषा, वर्तुळ आणि वक्ररेषा यांच्या कडा मुद्दाम मऊ केल्या जातात, म्हणजे काळ्या आणि पांढऱ्याच्या मध्ये राखाडी कण घातले जातात, जेणेकरून पडद्यावर रेषा गुळगुळीत दिसावी. पेन्सिल मात्र तसे करत नाही. तिची कड करकरीत असते. ज्या आकारात बादलीने रंग भरायचा आहे, त्याची बाह्यरेषा पेन्सिलची जाडी वाढवून काढावी. रेषा हाताने काढताना फट राहिली आहे का, हे चित्र ८०० टक्के मोठे करून पाहता येते. दोन काळे कण केवळ कोपऱ्याला कोपरा लावून बसलेले असले तरी रंग त्यांच्यामधून गळत नाही, त्यामुळे प्रत्येक तिरप्या पायरीची काळजी करण्याचे कारण नाही.

आता एक युक्ती, जी मला या प्रोग्रॅममधील सर्वांत उपयुक्त गोष्ट वाटते. खोडरबर उजव्या बटणाने ओढला तर तो ‘कलर १’ मध्ये असलेला रंग तेवढाच पुसतो आणि त्याच्या जागी ‘कलर २’ ठेवतो. कलर १ पांढरा आणि कलर २ तांबडा करावा, खोडरबर घ्यावा आणि उजवे बटण दाबून पाकळीवरून फिरवावा. पांढरे कण तांबडे होतील आणि काळी रेषा तशीच राहील. बादलीसारखा रंग सांडण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही, कारण रंग फक्त हात जाईल तेथेच लागतो. जास्वंदीच्या मधोमध येणारी केसरनलिका आणि तिच्यावरचे पुंकेसर यांच्या नाजूक रेषांमध्ये बादलीपेक्षा हीच पद्धत बरी.

जी चित्रे आधीच डागाळलेली आहेत, त्यांपैकी केवळ काळ्या रेषांची असतील ती वाचवता येतील. चित्राची प्रत काढून ती ‘मोनोक्रोम बिटमॅप’ म्हणून जतन करावी. त्यात शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा एवढेच उरते. मग ते चित्र उघडून, सगळे निवडून, नव्या कोऱ्या चित्रात चिकटवावे आणि पीएनजी करावे. रंगीत चित्रावर हा उपाय करू नये, कारण सगळे रंग जातील.

उत्तर: अकरा ते सहा

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. रांगोळीबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते पेंटसारख्या साध्या प्रोग्रॅमला ठिपक्यांच्या रांगोळीइतका शोभणारा दुसरा विषय नाही. दोन्हींचा पाया जाळीच आहे.

दोन्ही बाजू डोळ्यांनी सारख्या करण्याचा प्रयत्नच करू नये. पाव भाग काढावा आणि उरलेले पाऊण काम प्रोग्रॅमकडून करून घ्यावे. सात ठिपके सात ओळींसाठी दोन ठिपक्यांतील अंतर ८० पिक्सेल धरले आणि चारही बाजूंना तेवढीच मोकळी जागा सोडली, तर पूर्ण चित्र ६४० × ६४० होते आणि मधला ठिपका बरोबर ३२० वर येतो. कंट्रोल + ई दाबून प्रॉपर्टीजमध्ये चित्राचा आकार ३२० × ३२० द्यावा. खालच्या पट्टीत कर्सरचे स्थान आकड्यांत दिसते. ते पाहून ८०, १६०, २४० आणि अगदी कडेला ३२० अशा जागी गोल ब्रशने ठिपके द्यावेत. कडेचे ठिपके अर्धेच दिसतील, ते पुढे आपोआप पूर्ण होतात. मग या पाव भागातील रेषा जोडाव्यात. रेषा कडेच्या बाहेर गेली तरी चालेल, कारण ती तेथे नेमकी कापली जाते.

आता पाव भागाचे पूर्ण चित्र करताना निवडलेला तुकडा माउसने ओढून जुळवायला जाऊ नये. एका कणाचा फरक पडला तरी मधल्या रेषेवर सांधा दिसतो. त्याऐवजी असे करावे. कंट्रोल + ए आणि कंट्रोल + सी करून पाव भाग उचलून ठेवावा. प्रॉपर्टीजमध्ये रुंदी ६४० करावी. मग काहीही न निवडता ‘रोटेट’ मधून ‘फ्लिप हॉरिझॉन्टल’ द्यावे, म्हणजे सगळे चित्र उलटून काढलेला भाग उजवीकडे जातो आणि डावी बाजू रिकामी होते. आता कंट्रोल + व्ही केले की उचललेला तुकडा वरच्या डाव्या कोपऱ्यात, एका कणाचीही चूक न होता येऊन बसतो. चित्र डावीकडे आणि वर पूर्ण सरकवलेले असले पाहिजे, इतकीच काळजी घ्यावी. वरचा अर्धा भाग तयार झाला. तोच पुन्हा उचलून, उंची ६४० करून, ‘फ्लिप व्हर्टिकल’ देऊन पुन्हा चिकटवला की रांगोळी पूर्ण होते.

काही रांगोळ्या मात्र आरशातल्यासारख्या नसतात. स्वस्तिकात किंवा एकमेकांत गुंफत गोल फिरणाऱ्या वेलीत चारही भाग एकाच दिशेने वळलेले असतात, आणि ते उलटवले तर वळण मोडते. अशा वेळी पाव भाग उचलून चित्र एकदम ६४० × ६४० करावे, संपूर्ण चित्र ‘रोटेट राइट ९०’ ने फिरवावे आणि रिकाम्या झालेल्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तुकडा चिकटवावा. असे एकूण तीनदा केले की चारही भाग भरतात.

अकरा ते सहाची रांगोळी षटकोनी असते: मधल्या ओळीत ११ आणि वर-खाली १०, ९, ८, ७, ६ असे एकूण ९१ ठिपके. त्यात प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येते. ठिपक्यांतील अंतर ८० असेल तर ओळींतील अंतरही ८० ठेवण्याचा मोह टाळावा, कारण मग रांगोळी उभट दिसते. समभुज त्रिकोणाची उंची बाजूच्या सुमारे ०.८६६ पट असल्याने ते ६९ ठेवावे. पाव भागाचा आकार ४८० × ४२५ घ्यावा. वरपासून ओळी ८०, १४९, २१८, २८७, ३५६ आणि ४२५ या उंचीवर येतील. सर्वांत वरच्या ओळीचे ठिपके २८०, ३६० आणि ४४० वर. त्याखालची ओळ २४० पासून, त्याखालची २०० पासून, आणि अशी प्रत्येक वेळी ४० ने डावीकडे सरकत शेवटची, म्हणजे मधली, ओळ ८० पासून सुरू होईल. पूर्ण चित्र ९६० × ८५० होईल. पेंटमध्ये चित्र ६० अंशांनी फिरवता येत नाही, पण षटकोनी रांगोळीतही आडवी आणि उभी मधली रेषा असतेच, त्यामुळे उलटवण्याची पद्धत येथेही लागू पडते. सहा पाकळ्या एकाच दिशेने वळणारी रांगोळी मात्र या पद्धतीने होणार नाही. ती हातानेच काढावी लागेल.

वक्ररेषेच्या साधनाबद्दल दोन शब्द. आधी सरळ रेषा ओढायची आणि मग तिला दोनदा वाकवता येते. दोन्ही वेळा एकाच बाजूला ओढले की कमान, विरुद्ध बाजूंना ओढले की नागमोडी वळण. तिसरे वळण नाही. कुयरीसारखा आकार दोन किंवा तीन वक्ररेषा जोडूनच करावा लागतो, आणि तसा केला तर तो हाताने ओढलेल्यापेक्षा सुबक येतो.

उत्तर: छपाई

छापल्यावर पायऱ्या दिसतात, याचे कारण चित्र लहान आहे. ए४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. दर इंचाला ३०० कण या हिशेबाने पूर्ण पानाला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. साध्या कृतिपत्रिकेला १५० चा हिशेबही पुरतो, म्हणजे १२४० × १७५४. वरच्या उत्तरातील ६४० पिक्सेलची रांगोळी पानभर ताणली तर कडा तुटक दिसणारच. ठिपक्यांतील अंतर ८० ऐवजी २४० धरा, बाकीचे आकडेही तिप्पट करा. चित्र १९२० पिक्सेलचे होईल आणि ३०० च्या हिशेबाने ते ६.४ इंचांत, म्हणजे सुमारे १६ सेंटिमीटरमध्ये, नीट छापले जाईल. लहान काढून नंतर मोठे करण्यात काहीही हाती लागत नाही. रेषेची जाडीही त्याच प्रमाणात वाढवावी लागते. यादीतील जाडी अपुरी पडली तर कंट्रोल दाबून आकड्यांच्या कीपॅडवरील अधिकचे बटण दाबत राहावे, प्रत्येक वेळी जाडी एका पिक्सेलने वाढते. शिवाय चित्र इतके मोठे असले की कडांचे राखाडी कण छपाईत डोळ्यांना जाणवतही नाहीत.

कृतिपत्रिका झेरॉक्स होणार असेल, तर राखाडी आणि फिकट रंग वापरू नयेत. शुद्ध काळ्या रेषा काढाव्यात आणि भाग वेगळे दाखवण्यासाठी रंगांऐवजी ठिपक्यांचे किंवा तिरप्या रेषांचे भराव वापरावेत.

मराठी नावे मात्र पेंटमध्ये लिहू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘निदलपुंज’, ‘स्त्रीकेसर’ हे शब्द चौकटीबाहेर टिचकी मारताक्षणी कणांत रूपांतरित होतात, मग त्यांत दुरुस्ती करता येत नाही, आणि लहान आकारात जोडाक्षरे व वेलांट्या गिचमिड होतात. चित्र वर्डमध्ये घालून नावे तेथे मजकुराच्या चौकटीत मंगल फाँटमध्ये लिहावीत. पुढच्या वर्षी त्याच चित्रातील नावे काढून ‘रिकाम्या जागा भरा’ असा प्रश्न करता येईल, हा आणखी एक फायदा.

उत्तर: मुक्त

वरील सर्व उपाय योग्य आहेत, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. फुलाच्या भागांसारखी आकृती, जी वर्षानुवर्षे वापरली जाणार आहे आणि कधी लहान, कधी मोठी छापावी लागणार आहे, ती कणांत काढणे हे मुळात गैरसोयीचे आहे. इंकस्केपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये रेषा गणिती रूपात साठवली जाते, त्यामुळे ती कितीही मोठी केली तरी तुटत नाही आणि पाकळीचा आकार नंतरही बदलता येतो. जास्वंदीच्या पाच पाकळ्या ७२ अंशांनी फिरवून मांडणेही तेथे सहज शक्य आहे. पेंटमध्ये ते शक्य नाही. एकदा पेनड्राइव्हवर आणला की इंटरनेट लागत नाही, फक्त जुन्या संगणकावर चालणारी आवृत्ती निवडावी लागेल.

मुलांच्या हाती द्यायचे असेल तर टक्स पेंट पाहावा. तो २००२ पासून मोफत उपलब्ध आहे, लहान मुलांसाठीच बनवलेला आहे आणि त्यातील सूचना मराठीतही दिसू शकतात. नवीन संगणक मिळाल्यास हेही लक्षात असू द्यावे की २०२३ पासून विंडोज ११ मधील पेंटमध्ये थर, म्हणजे लेयर, आलेले आहेत, त्यामुळे रेषा आणि रंग वेगवेगळे ठेवता येतात.

उत्तर: रेघोटी

‘मुक्त’ यांचा आकृतीबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. पाच पाकळ्यांचे समोरून दिसणारे फूल पेंटमध्ये नेमके येणार नाही. परंतु जास्वंदीचे भाग दाखवण्यासाठी फुलाचा उभा छेद काढतात, त्यात पाकळ्या समोरून मांडाव्या लागत नाहीत आणि तो पेंटमध्ये उत्तम होतो.

मी साध्या प्रोग्रॅमच्या बाजूने बोलतो, त्याला कारण आहे. पेंट १९८५ साली विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आला आणि २०१७ मध्ये तो यापुढे विकसित न होणाऱ्या गोष्टींच्या यादीत गेल्याचे जाहीर झाले, तेव्हा जगभरच्या लोकांनी इतकी हळहळ व्यक्त केली की कंपनीला तो उपलब्ध राहील असे स्पष्ट करावे लागले. अमेरिकेतील हॅल लास्को (१९१५–२०१४) हे अक्षररचनेचे व्यावसायिक कलाकार उतारवयात दृष्टी अधू झाल्यावर पेंटमध्ये चित्रे काढू लागले, कारण चित्र हवे तितके मोठे करून एकेक कण नीट पाहता येत होता. स्पेनमधील वलेन्सियाच्या कोंचा गार्सिया सायेरा या आजींची माउसने काढलेली निसर्गचित्रे २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवर लाखो लोकांनी पाहिली. या दोघांच्या चित्रांत कौलांची, पानांची, विटांची जी दाट वीण दिसते, ती एक तुकडा मन लावून काढून तो पुन्हा पुन्हा मांडल्याने आलेली असावी असे मला वाटते, आणि ती सवय पेंटमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला लागते.

थर नसले तरी त्यांचे काम भागवता येते. ‘सिलेक्ट’ खाली ‘ट्रान्स्परंट सिलेक्शन’ सुरू करून कलर २ पांढरा ठेवला, की चिकटवलेल्या तुकड्यातील पांढरा भाग पारदर्शक होतो. त्यामुळे पार्श्वभूमी एका फाइलमध्ये, झाड दुसऱ्या फाइलमध्ये आणि माणसे तिसऱ्या फाइलमध्ये ठेवून शेवटी एकत्र आणता येतात. तुकडा कंट्रोल दाबून ओढला तर मूळ जागेवर राहून त्याची प्रत निघते. अंगणातील झेंडूचे तोरण काढायचे असेल तर एक फूल आणि दोन पाने पुरेशी आहेत.

शाळेचा फळा

सर्वांचे मनापासून आभार. फाइल्स तपासल्या, डागाळलेली सर्व चित्रे जेपेग होती. सात ठिपक्यांची रांगोळी पाव भागाच्या पद्धतीने १९२० पिक्सेलमध्ये काढली आणि छापून पाहिली. मधल्या रेषेवर सांधा कोठेही दिसत नाही. स्वस्तिकाची रांगोळी फिरवण्याच्या पद्धतीने केली, तीही जमली. जास्वंदीचा उभा छेद आता नव्याने पेन्सिलने काढायला घेतला आहे. एक शंका उरते: मुलांना केवळ ठिपके आणि पाव भाग देऊन उरलेली रांगोळी त्यांच्याकडून पूर्ण करून घ्यायची असेल, तर त्यासाठी वेगळे चित्र काढावे लागेल का?

उत्तर: अकरा ते सहा

ताई, वेगळे काढण्याची गरज नाही. ठिपके दिल्यावर आणि रेषा जोडण्यापूर्वी पाव भागाची फाइल वेगळ्या नावाने जतन करावी, आणि तिच्यावर हीच उलटवण्याची कृती करून केवळ ठिपक्यांचे पूर्ण पान तयार करावे. मग त्या पानावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, रेषा जोडलेला पाव भाग चिकटवावा. ठिपके दोन्हींत एकाच जागी असल्याने तो तंतोतंत बसेल. यापुढे प्रत्येक रांगोळीच्या तीन फाइल्स ठेवाव्यात: ठिपके, रेषांचा पाव भाग आणि पूर्ण रांगोळी. सातची ठिपक्यांची फाइल एकदा तयार झाली की सात ठिपक्यांच्या पुढच्या सर्व रांगोळ्यांना तीच वापरता येईल.